चंपाक्कांचा निळा टीव्ही

“उस्ताद, पाटी रंगवून आली. आता तरी सांगा... दुकान उघडू कधी?”

दस्तगीर उस्तादांनी मान वर केली नाही. त्यांच्यापुढच्या टेबलावर एक मोठा टीव्ही पालथा पडला होता. त्याच्या पोटातली केसासारख्या तारांची पट्टी ते भिंगातून न्याहाळत होते.

“उस्ताद...”

“ऐकलं मी.”

एवढंच. गेले तीन महिने विश्वंभर ढवळे हाच प्रश्न विचारत होता आणि त्याला हेच उत्तर मिळत होतं.

विश्वंभर काही नवशिका नव्हता. डिप्लोमा झालेला, कोल्हापुरात एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये आठ वर्षं काढलेला. तिथं काम ठरलेलं. बोर्ड गेला की बोर्ड बदला, पडदा गेला की गिऱ्हाइकाला नव्या टीव्हीची किंमत सांगा. त्याचा कंटाळा आला म्हणून तो गडहिंग्लजला उस्तादांकडे आला. पडद्यावर उभ्या रेघा, अर्धा भाग काळा, आवाज आहे पण चित्र नाही... इतरांनी हात टेकून परत पाठवलेले टीव्ही उस्तादांच्या टेबलावर पुन्हा उजळायचे. दीड वर्षात विश्वंभरनं ते सगळं शिकून घेतलं. त्याचा हात इतका सफाईदार झाला की कधी कधी उस्तादही आपलं काम थांबवून बघत राहायचे. हे विश्वंभरच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. स्वतःचं कौतुक सहसा त्याच्या नजरेतून सुटत नसे.

आता त्यानं आजऱ्याला स्टँडसमोर गाळा घेतला होता. अडलं होतं ते एका शब्दावर. उस्तादांच्या हाताखाली शिकलेल्यानं, उस्ताद स्वतः ‘उघड’ म्हणेपर्यंत दुकान उघडायचं नाही, अशी रीत होती. ती कुठं लिहिलेली नव्हती, पण आजवर अकरा जणांनी पाळली होती. त्या अकराही जणांच्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत ‘दस्तगीर उस्तादांचा शागीर्द’ अशी ओळ होती, आणि त्या ओळीवर भरवसा ठेवून चंदगडपासूनची माणसं टीव्ही घेऊन येत. त्या ओळीशिवायची पाटी विश्वंभरला नको होती. बारावे आपण, आणि बाराजणांत सरसही आपणच, असं त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

“माझ्यात काय कमी आहे, तेवढं तरी सांगा.”

उस्तादांनी भिंग खाली ठेवलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि तेवढ्यात पायरी चढून चंपाक्का मगदूम आत आल्या.

चंपाक्का चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मुलींच्या शाळेत शिवण शिकवण्यात त्यांची हयात गेली. गावातल्या निम्म्या बायकांना टीप घालायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि वाकडी पडली म्हणून ती उसवायलाही त्यांनीच लावलं होतं.

“दस्तगीरभाऊ, तुमचा हा इंजिनिअर म्हणतोय, टीव्ही टाकून द्या.”

“पडदाच गेलाय, उस्ताद,” विश्वंभर म्हणाला. “मी तीनदा उघडून बघितलाय.”

“आणि तीनदा निळाच परत दिलाय,” चंपाक्का म्हणाल्या. “बातम्या सांगणारी पोरगी बघवत न्हाई मला. थंडीनं काकडल्यागत दिसती.”

उस्तादांनी हात पुढं केला.

“चिठ्ठ्या.”

दुकानात आलेल्या प्रत्येक टीव्हीच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली जायची. तिच्यावर तीनच ओळी. गिऱ्हाईक काय म्हणालं, आपल्याला काय सापडलं, आपण काय केलं. पहिली ओळ गिऱ्हाइकाच्या तोंडची, शब्दाला शब्द असली पाहिजे, हा उस्तादांचा दंडक होता. विश्वंभरला तो म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटायचा.

त्यानं कपाटातून चिठ्ठ्यांच्या नकला काढून दिल्या. उस्ताद वाचू लागले.

‘रंग निळसर. मागच्या दिव्यांच्या पट्ट्या जुन्या. पट्ट्या बदलल्या.’

‘रंग निळसर. मेन बोर्डात दोष. बोर्ड बदलला.’

‘रंग निळसर. पॅनेल खराब. दुरुस्त होणार नाही.’

“तुला निळं दिसलं?” उस्तादांनी विचारलं.

“पहिल्यांदा... नाही दिसलं. पण पट्ट्या जुन्या झाल्या की निळी झाक येतेच. म्हणून बदलल्या.”

“दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदा नीट बघितल्यावर थोडं वाटलं.”

“आणि तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदा तर स्पष्ट निळं होतं.”

उस्तादांनी चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या. शोधायला बसलेल्या माणसाला काही ना काही सापडतंच, आणि जे मुळात नाही ते तर हमखास सापडतं, हे त्यांना नवीन नव्हतं.

“‘रंग निळसर’ असं अक्का म्हणाल्या?”

“अर्थ तोच.”

“अर्थ न्हाई विचारला. म्हणाल्या काय?”

विश्वंभरनं आवाज खाली आणला.

“त्या बरंच काही बोलतात, उस्ताद. दूध, गवळी, शेजारणीची साडी... त्याचा टीव्हीशी काय संबंध?”

“मी इथंच उभी हाय, बाबा,” चंपाक्का म्हणाल्या.

उस्तादांनी तिन्ही चिठ्ठ्या खिशात टाकल्या, खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली आणि चपला पायांत सरकवल्या. विश्वंभरनं लगबगीनं पिशवी भरायला घेतली. पेचकस, मीटर, पडदा उचलायचे रबरी पेले.

“ऱ्हाऊ दे ते.”

“मीटर तरी?”

“तेबी ऱ्हाऊ दे.”

“मग उघडणार कशानं?”

उस्ताद पायरी उतरून गेले होते.

चंपाक्कांचं घर तीन गल्ल्या सोडून. दोन खोल्या, खिडकीजवळ शिलाई मशीन, समोरच्या भिंतीला टीव्ही. मुलगा बेळगावला नोकरीला, त्यामुळे घरात बोलायला हा टीव्हीच. चंपाक्कांनी तो लावला. बातम्या सुरू होत्या. विश्वंभर पडद्याच्या अगदी जवळ जाऊन, डोळे बारीक करून उभा राहिला.

उस्तादांनी एक खुर्ची ओढली, फिरवली, आणि टीव्हीकडे पाठ करून चंपाक्कांसमोर बसले.

“उस्ताद... टीव्ही मागं आहे.”

“म्हाईत हाय.”

चंपाक्कांनी चहा आणला. कप हातात देता देता त्यांचं नेहमीचं सुरू झालं.

“दूध नव्या गवळ्याचं हाय, भाऊ. जुन्याला बंद केला. पाणी घालायला लागला होता मेला. पातेल्यात ओतलं की निळं दिसायचं. वीस वर्षांचा रतीब, पण तोंडावर सांगून तोडला.”

“आणि नव्याचं कसं हाय?”

चंपाक्का जराशा थबकल्या.

“तेबी... निळसरच हाय म्हणा. हल्ली सगळेच लबाड झालेत.”

“हे कधीपासनं?”

“झाला असंल महिना.”

“आणि टीव्ही?”

“तोबी महिनाच.”

विश्वंभर पडद्यापासून मागं सरला. हे सगळं त्यानं आधी ऐकलं होतं, तीन वेळा ऐकलं होतं, आणि तिन्ही वेळा हो हो म्हणत पेचकस शोधला होता.

“अक्का,” उस्ताद म्हणाले, “मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालं?”

चंपाक्कांनी आपला कप खाली ठेवला.

“त्याचा टीव्हीशी काय संबंध?”

उस्तादांनी चहाचा घोट घेतला.

“...महिना झाला. उजवा डोळा.”

“डावा?”

“डाव्याची तारीख ह्या येत्या मंगळवारची होती. पोराला म्हटलं, दिवाळी होऊ दे, मग बघू.”

“का?”

वर पंखा फिरत होता. टीव्हीवरची मुलगी कुठल्यातरी धरणाचा पाणीसाठा सांगत होती.

“उजवा डोळा झाका, अक्का,” उस्ताद हळूच म्हणाले.

चंपाक्कांनी हात उचलला नाही. हेडमास्तरांना वर्गाबाहेर थांबायला लावणाऱ्या बाई त्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिल्या.

“झाकून काय व्हणार?”

“कळंल.”

“तेच नको हाय, भाऊ.”

विश्वंभरनं त्यांच्याकडे पाहिलं. महिनाभरात त्यानं पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं असेल.

शेवटी चंपाक्कांनी तळवा उचलून उजव्या डोळ्यावर ठेवला.

“आता पोरगी कशी दिसती?”

“आता... आता बरोबर हाय. पहिल्यासारखी.”

“आता डावा झाका.”

चंपाक्कांनी हात बदलला. ओठ घट्ट मिटले.

“निळी.”

“म्हणजे टीव्हीत काही नाहीच!” विश्वंभरला राहवलं नाही. त्याच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं होतं. “दोष डोळ्यात आहे! पट्ट्या चांगल्या, बोर्ड चांगला, पॅनेलही चांगलं...”

चंपाक्कांचा हात डोळ्यावरून गळून पडला.

“हेच,” त्या म्हणाल्या. “हेच ऐकायचं नव्हतं मला. टीव्ही बिघडला असता तर दुसरा आणला असता. चाळीस वर्षं कापडाला दोरा जुळवलाय मी, भाऊ, दुकानदार माझ्याकडं रंग विचारायला यायचे. आणि आता तोच डोळा गेला.”

विश्वंभरनं जीभ चावली. आता त्याला कळलं, या बाई तीन वेळा टीव्ही का परत घेऊन आल्या ते. टीव्ही बिघडलेला निघावा, म्हणून त्या महिनाभर देव पाण्यात घालून बसल्या होत्या. आणि हा इकडे पट्ट्या बदलत होता. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

उस्तादांनी मात्र चहाचा शेवटचा घोट घेतला.

“अक्का, दोऱ्यांचा डबा कुठाय?”

“कशाला?”

“आणा तर.”

डबा आला. उस्तादांनी रिळांमध्ये बोटं घालून बरंच धुंडाळलं, दोन रिळं काढली आणि तळहातावर शेजारी शेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात धरली.

“जुन्या डोळ्यानं बघा. उजवा झाका. ह्यातलं पांढरं कुठलं?”

“दोन्ही पांढरी. एकाच खणात ठेवली होती की मी.”

“आता नव्या डोळ्यानं.”

चंपाक्कांनी हात बदलला. वाकून पाहिलं. रिळं हातात घेतली, खिडकीशी गेल्या, पुन्हा पाहिलं. पुन्हा हात बदलला, पुन्हा पाहिलं.

“हे पांढरं,” त्या सावकाश म्हणाल्या. “आणि हे... हे क्रीम हाय.”

“विश्वा, तुला काय दिसतंय?”

“ते पांढरं, हे क्रीम,” विश्वंभर म्हणाला. या वेळी त्यानं त्यापुढे एक शब्दही जोडला नाही.

चंपाक्का दोन रिळं हातात धरून उभ्याच राहिल्या. काहीतरी आठवत होत्या. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. विश्वंभरला वाटलं, रडताहेत. पण त्या हसत होत्या.

“अगं बाई! देसायांच्या सुनेचा पांढराशुभ्र झंपर! ती म्हणत होती, बाई, दोरा वेगळा दिसतोय. आणि मी तिलाच चष्मा लावायला सांगितला होता!”

“कधीची गोष्ट?”

“झाली की चार वर्षं!”

“म्हणजे डोळा तवापासनं पिवळा पडायला लागला होता,” उस्ताद म्हणाले. “लई हळू पडतोय तो. रोज बघणाऱ्याला कळत न्हाई. नवा डोळा आहे तसं दाखवतोय, पण तुम्हाला पिवळ्याची सवय, म्हणून ते निळं वाटतंय. त्याला जरा दिवस द्या. डॉक्टरला विचारा, तोबी हेच सांगंल.”

“तुम्हाला हो काय ठावं?”

उस्तादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“माझा डोळा झाला तवा मी दुकानातले सहा टीव्ही उघडून ठेवले होते.”

विश्वंभरनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

“सहाच्या सहा निळे. तीन दिवस जेवलो न्हाई धड. मग डोकं धरून गल्लीत आलो, वर बघितलं... तर आभाळबी निळं.”

“मग काय केलंत?” चंपाक्कांनी विचारलं.

“काय करणार? ते उघडता येईना.”

चंपाक्का पुन्हा हसल्या, आणि हसता हसता पदरानं दोन्ही डोळे पुसले, जुना आणि नवा.

“मंगळवारची तारीख अजून मिळंल का हो?”

“पोराला फोन तर करा.”

“करते. पण तोवर ही पोरगी अशीच काकडत बसणार का?”

उस्तादांनी रिमोट घेतला आणि मागं वळून पहिल्यांदाच टीव्हीकडे पाहिलं. चित्राची यादी उघडली, तीत रंगाची यादी. टीव्ही आत्ता मधल्या घरावर होता. एका बाजूला निळसर घरं, दुसऱ्या बाजूला पिवळसर. उस्तादांनी खूण पिवळ्या बाजूला सरकवली. एक घर. मग आणखी एक. बातम्या सांगणारी मुलगी जराशी तांबूस झाली.

“आता?”

“आता माणसात आली.”

विश्वंभर उस्तादांच्या कानाशी वाकला.

“उस्ताद... टीव्ही बरोबर होता. तुम्ही आता चुकीचा केलात.”

“व्हय.”

विश्वंभर पुढचं वाक्य ऐकायला थांबला. ते आलं नाही.

“अक्का,” उस्ताद मोठ्यानं म्हणाले, “दुसरा डोळा झाला की हा विश्वा येईल. एका आठवड्याला एक घर मागं आणील. दुसऱ्या आठवड्याला दुसरं.”

“म्हणजे टीव्ही शेवटी होता तिथंच येणार?”

“तिथंच.”

“आणि मला कळंल?”

“न्हाई कळायचं.”

“मग बरंच की,” चंपाक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज आता पुन्हा वर्गात घुमणारा झाला होता. “आणि येशील तेव्हा रे बाबा, पेचकस घरी ठेवून ये. आणि जाता जाता जुन्या गवळ्याच्या दारावरनं जा. म्हणावं, चंपाक्कांनी बोलावलंय. माफी मागायची हाय त्याची. वीस वर्षांत कधीमधी घातलं असंल पाणी, पण ह्या महिन्यात न्हाई घातलं.”

दोघं बाहेर पडले. विश्वंभर वाट वाकडी करून गवळ्याच्या दारावरून आला, निरोप दिला, गवळ्याच्या बायकोच्या चार शिव्या चंपाक्कांच्या वतीनं ऐकून घेतल्या आणि उस्तादांना गाठलं. ऊन कलतं झालं होतं. भाजीवाल्या पाट्या आवरत होत्या. उस्ताद आपल्या चालीनं चालले होते, विश्वंभर त्यांच्या अर्धं पाऊल मागं.

विश्वंभरला आत कुठंतरी शांत वाटत होतं, आणि तसं का वाटावं हे काही उमगत नव्हतं. तीनदा चुकलेल्या माणसाला वाटावं असं ते नव्हतं.

“उस्ताद.”

“बोल.”

“टीव्ही चांगला होता. डोळाही चांगला निघाला. दूधसुद्धा चांगलं होतं. मग बिघाड होता कुठं?”

“तुला काय वाटतंय?”

दीड वर्षात उस्तादांनी हा सवाल कितीदा तरी केला होता, आणि दर वेळी तो पुरा व्हायच्या आत विश्वंभरचं उत्तर तयार असायचं. आत्ताही एक उत्तर ओठांशी आलं. त्यानं ते परतवलं. दुसरं आलं, तेही खरं वाटेना. मग त्याला पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या चंपाक्का आठवल्या, आणि तिसरं उत्तर आलंच नाही. आजऱ्याचा गाळा, रंगवलेली पाटी, काही म्हणजे काही त्या घडीला त्याच्या मनात नव्हतं.

“मला... मला सांगता येत नाही, उस्ताद.”

उस्ताद थांबले. वळून त्यांनी विश्वंभरकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं.

“शुक्रवार सोडून कुठल्याबी दिवशी उघड,” ते म्हणाले. “शुक्रवारी दुपारी मी मशिदीत असतोय.”